मागून आलं तसं लावलं

पूनमला इंजिनातलं सगळं कळतं, ही गोष्ट अख्ख्या रहाटणीला ठाऊक होती. असणारच. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबाजी नखात्यांनी, ती पिठाच्या गिरणीपासून मारुतीच्या पारापर्यंत पोचवली होती. "आमची सून लग्नाआधी चाकणला कंपनीत व्हती. आमच्या गाडीचं इंजान तिनंच बांधलंय, सवताच्या हातानं," असं ते सांगायचे, आणि ऐकणारा माणूस एकदा गाडीकडं बघायचा आणि एकदा पूनमकडं. पूनम नुसती हसायची. हो म्हणायची नाही आणि नाही तर मुळीच म्हणायची नाही. फुकटची तारीफ कोणाला कडू लागते?

तसं ते अगदी हवेतलंही नव्हतं. पूनम देहूरोडची. आयटीआय करून एकोणिसाव्या वर्षी चाकणच्या एका मोटार कंपनीत लागली, ती तीन वर्षं इंजिनच्या लाइनवर होती. लग्न झाल्यावर रणजीतने जी जुनी गाडी घेतली ती त्याच कंपनीची, आणि तिच्या कागदांवरचं साल पूनमच्या नोकरीच्या ऐन मधलं. मग काय, सरळ हिशेब. लाइन एकच, साल तेच, म्हणजे इंजिन आपल्याच हातचं. ज्याला शंका असेल त्याने उघडून बघावं. आता चालू गाडीचं इंजिन कोण कशाला उघडून बघतंय?

पण वेळ आली. गेल्या दिवाळीनंतर गाडी सकाळी सुरू केली की पुढून खडखड ऐकू यायला लागली. डब्यात खिळे घालून हलवावेत तशी. आधी पाच सेकंद, मग दहा, मग सिग्नलला उभं राहिलं तरी चालूच. गॅरेजवाल्याने कान लावला आणि सांगितलं, टायमिंग चेन ढिली झाली, कधी उडेल सांगता येत नाही, आणि एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन उघडण्यात काही राम नाही. गाडीची पंधरा वर्षंही भरत आलेली. रणजीतने लगेच ठरवून टाकलं: गाडी भंगारात. सोमवारी सकाळी दहाला क्रेन येणार.

रणजीत वाईट माणूस नव्हे हो. घरात दुसरी मोठी गाडी आहे, मग ही कशाला, एवढंच त्याचं म्हणणं. पण मोठ्या गाडीची किल्ली असायची रणजीतच्या खिशात, आणि ती गाडी जायची त्याच्या कंपनीत. ही छोटी गाडी पूनमची. हिच्यावर ती शिकली, हिला तिने दोन खांबांना घासलं, हिच्यात बसून ती एकटीच मोठमोठ्याने गाणी म्हणायची. मनात आलं की किल्ली उचलायची आणि देहूरोडला आईकडे जाऊन तासाभरात परत यायचं. कोणाला विचारायचं नाही, कोणाची वाट बघायची नाही. ही गाडी गेली की पूनम पुन्हा कोणी नेलं तर जाणारी बाई होणार होती. हे तिला लख्ख दिसत होतं आणि त्याची तिने धास्ती घेतली होती.

"रविवारी संध्याकाळपर्यंत मी ती दुरुस्त करून दाखवली तर?" ती म्हणाली.

"तू?"

"मी. तीन वर्षं दुसरं काय केलं मी? चेनच बसवत होते."

रणजीत बुधवारी कामासाठी गुजरातला निघाला होता, बॅग भरता भरता हसला. "कर बाई. झाली तर क्रेनवाल्याला नको म्हणून सांगतो. नाही झाली तर उघडलेली गाडीही नेतात ते, त्यांना काय."

गुरुवारी सकाळी पूनमने पिंपरीच्या बाजारातून नवी चेन आणि तिच्याबरोबरचे बारीकसारीक भाग आणले, जुना पंजाबी ड्रेस चढवला आणि इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडीचं पुढचं चाक काढलं. नखात्यांची शेती संपली तेव्हा त्या जागेवर त्यांनी ही चार मजली इमारत बांधली होती. वर भाडेकरू, खाली गाड्या. भाडेकरू जिन्यात थांबून बघत होते. कठड्यावर टेकलेले हात दिसत होते.

आबाजी मात्र खुशीत. त्यांनी खुर्ची आणून गाडीशेजारी टाकली. "आमी इहिरीवरचं डिझेल इंजान वर्साला एकदा खोलायचो," ते म्हणाले. "समदं सुटं करायचं, घासलेटात धुवायचं, परत बांधायचं. दर वर्साला येक नट जास्तीचा ऱ्हायचा. तरी चालायचं."

सगळ्यात मोठा बोल्ट पुलीचा. तो सोडवताना इंजिन फिरू नये म्हणून पूनमने आबाजींना ड्रायव्हरच्या जागी बसवलं, गाडी गिअरमध्ये टाकली आणि ब्रेक दाबून धरायला सांगितलं. पान्याला लांब पाइप अडकवून तिने अंगातलं सगळं बळ लावलं. बोल्ट जागचा हलेना. दुसऱ्यांदा लावलं, हलेना. आबाजींनी खिडकीतून मान बाहेर काढून थोडा वेळ बघितलं.

"पोरी, तू आवळती हायस."

आवळतच होती. तीन वर्षांत पूनमने लाखो बोल्ट आवळले होते आणि एकही सोडवला नव्हता. लाइनवर सोडवायचं कामच नसतं. हात आपोआप उजवीकडे जायचा. तिला हसूही आलं आणि घामही फुटला. मग बोल्ट सुटला, आणि पुढचे बारीक बोल्ट सोडवताना ती प्रत्येक वेळी स्वतःशी "डावीकडे, डावीकडे" असं पुटपुटत राहिली. सुटलेले बोल्ट तिने इडलीपात्राच्या खळग्यांत ओळीने ठेवले.

फोनवर एक व्हिडिओ होता. त्यातला माणूस चेन काढण्याआधी पाच मिनिटं काहीतरी समजावून सांगत होता. पूनमने ते पुढे ढकललं. म्हटलं, चेनचं हा मला काय सांगणार? इथेच बाई फसल्या, पण ते पुढे येईल.

शुक्रवारी दुपारी पुढचं झाकण निघालं. आत चेन. पंधरा वर्षांच्या तेलाने काळीभोर झालेली, पण तीच. पूनमला एकदम कंपनीचा वास आला. नव्या लोखंडाचा, तेलाचा, आणि सकाळच्या पहिल्या चहाचा. तिला भरून आलं. तिने फडक्याने आतले बोल्ट पुसले, कारण तिथं तिची खूण असणार होती.

लाइनवर बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावर रंगाची एक रेघ मारायची असते, आवळून झाल्याची. प्रत्येक गटाचा रंग वेगळा. पूनमच्या गटाचा पिवळा. तिने पहिला बोल्ट पुसला, दुसरा पुसला, मग सगळे पुसले. रेघा होत्या. तेलात शिजून फिकट झालेल्या, पण स्पष्ट हिरव्या.

हिरवा म्हणजे दुसऱ्या पाळीतला गट. पूनमने हे इंजिन बांधलेलं नव्हतं, कदाचित बघितलंही नव्हतं. इतकी वर्षं गावभर फिरलेली गोष्ट त्या एका फडक्याने पुसली गेली. आबाजी तिकडे भाडेकरूला सांगत होते, "बघा, आता तिला तिचंच काम दिसंल." पूनमने फडकं फेकून दिलं.

त्याच तिरमिरीत तिने पुढचं केलं. चेन ताणून धरणारा खटका दाबला आणि चेन खाली ओढली. वरचे कॅम कट् करून आपोआप थोडे फिरले. पूनमचा हात तिथेच थांबला.

आता ज्याने कधी इंजिन आतून बघितलं नाही त्याला दोन शब्दांत सांगायला हवं. खाली क्रँक फिरतो, त्याने पिस्टन वरखाली होतात. वर कॅम फिरतात, त्यांनी वॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. दोघांनी एका तालात फिरावं म्हणून मधे चेन, सायकलची असते तशीच. ताल एका दाताने चुकला तर इंजिन रडतं. जास्त चुकला तर वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि मग ते इंजिन खरंच भंगार. म्हणून चेन काढण्याआधी वरच्या आणि खालच्या खुणा जुळवून घ्यायच्या असतात. गॅरेजमध्ये नवा लागलेला पोरगासुद्धा ही चूक करत नाही.

पूनमने केली, कारण तिने त्या खुणा कधी न जुळलेल्या बघितल्याच नव्हत्या. लाइनवर इंजिन तिच्यासमोर यायचं तेव्हा खुणा अगदी समोरासमोर असायच्या, आणि क्रँक, कॅम हलू नयेत म्हणून पिना घातलेल्या असायच्या. तिचं काम अठ्ठावन्न सेकंदांचं. चेनच्या रंगीत कड्या खुणांवर ठेवायच्या, चेन चढवायची, बोल्ट आवळायचे, रेघ मारायची, बटण दाबायचं. दिवसाला साडेचारशे वेळा. त्या खुणा मागच्या स्टेशनवर कशा जुळवतात, हे तिने तीन वर्षांत एकदाही मान वळवून बघितलं नव्हतं.

तिने पान्याने कॅम खुणेवर आणायचा प्रयत्न केला. थोडा फिरला आणि ठक्. वॉल्व्ह पिस्टनला टेकला होता. पूनमने पान्यावरून हात असा काढला की जणू चटका बसला. ती तिथेच फरशीवर बसली.

"काय झालं?" आबाजींनी विचारलं.

"आबा, ह्याच्या आधीचं मला येत नाही."

"मग कुणाला येतंय?"

आली का पंचाईत. येत होतं, आणि ज्या बाईला येत होतं ती राहत होती जेमतेम दोन किलोमीटरवर, काळेवाडीत. गेल्या चौदा वर्षांत ती पूनमला बाजारात दोनदा दिसली होती आणि दोन्ही वेळा पूनमने कोथिंबिरीच्या जुडीत डोकं घातलं होतं.

कस्तुरा तिचं नाव. लातूरकडची, औसा तालुक्यातली. लाइनवर पूनमच्या लगेच मागचं, खुणा जुळवून पिना घालायचं स्टेशन तिचं. पहाटे साडेपाचला कंपनीची बस देहूरोडला यायची, पूनम चढायची आणि शेजारची सीट डब्याची पिशवी ठेवून धरून ठेवायची. निगडीला कस्तुरा चढायची. काय दिवस होते ते. बसमध्ये सगळ्या पोरी पेंगत असायच्या आणि ह्या दोघी खुसुखुसू हसत असायच्या. कस्तुराच्या डब्यातली कारळाची चटणी आणि पूनमच्या आईचं लोणचं, जेवायच्या सुट्टीत अदलाबदल ठरलेली. लाइन अडली की एक गाणं वाजायचं, ते वाजलं की दोघी आपापल्या जागी उभ्या राहून नुसत्या खांद्यांनी नाचायच्या. खंडेनवमीला बोल्ट आवळायच्या बंदुकांना झेंडूचे हार घालायचे आणि एकमेकींच्या बंदुकीला कुंकू लावायचं. पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं ओळखपत्र गळ्यात घातलं तेव्हा दोघींनी बसमध्ये उलटसुलट करून ते दहा वेळा वाचलं होतं. त्यानंतरच्या आयुष्यात पूनमला नवरा चांगला मिळाला, घर मिळालं, पण तसं हसू पुन्हा आलं नाही. हे ती कधी कोणाला बोलली नव्हती.

मग एके दिवशी एक इंजिन तपासणीत नापास होऊन परत आलं. वरचा कॅम एका दाताने चुकलेला. सुपरवायझर वही घेऊन पूनमसमोर उभे राहिले. पूनम बोलली ते लाइनवर सगळेच बोलतात ते. "सर, मागून आलं तसं लावलं."

पाच शब्द. मागे कस्तुरा उभी होती. महिनाभराने पोरींच्या नोकरीच्या मुदती वाढवल्या, त्यात कस्तुराचं नाव नव्हतं.

शनिवारी सकाळी पूनम काळेवाडीला चालत गेली. गाडी असती तर गाडीने गेली असती, पण गाडी होती सुटी होऊन पडलेली. कस्तुराचं शिलाईचं दुकान एका गाळ्यात होतं, दोन मशिनी, दोरीवर टांगलेले ब्लाउज. केस थोडे पिकलेले, चष्मा लावलेला, कस्तुरा काजं करत होती. तिने वर बघितलं आणि परत सुईकडे बघितलं.

"माप द्यायचंय का?"

"नाही," पूनम म्हणाली. रस्त्यात जुळवलेलं सगळं भाषण विसरली. "मी इंजिन उघडलंय. खुणा न जुळवता चेन काढली. कॅम फिरले. आता वॉल्व्ह पिस्टनला टेकतोय."

कस्तुराची सुई थांबली. "पिस्टन मधे न आणता काढलीस?"

"मला कुठं माहीत होतं मधे आणायचे असतात ते?"

"जोर लावलास का?"

"एकदाच. ठक् झालं तसा हात काढला."

कस्तुराने काजं केलेला ब्लाउज घडी करून बाजूला ठेवला. "तीन वर्षं माझ्या म्होरं उभी होतीस," ती म्हणाली, "आणि मी काय करते ते तुला माहीत नव्हतं व्हय." रागाने नाही म्हणाली. नवल वाटल्यासारखी म्हणाली, आणि त्याने पूनमला जास्त लागलं.

दुपारी कस्तुरा आली. येताना काय आणलं, तर विणकामाच्या चार प्लॅस्टिकच्या सुया. आबाजींनी तिला खुर्ची देऊ केली, ती सरळ चाकाच्या जागी गुडघ्यावर बसली. वाकून आत बघितलं, बोट फिरवलं, आणि म्हणाली, "हे हिरवं हाय की गं. आपलं न्हवं हे."

आबाजी तिथेच होते. पूनमने डोळे मिटले आणि उघडले. "आबा, हे इंजिन मी बांधलेलं नाही. दुसऱ्या गटाचं आहे. काल कळलं मला."

आबाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग आता समद्या गावाला जाऊन सांगायचं व्हय? ऱ्हाऊ दे. गिरणीतनं आणलेलं पीठबी कुटं समदं आपल्याच दळणाचं आसतंय." मग त्यांनी विचारलं, "तरी गाडी ठिवायची का?"

"ठेवायची," पूनम म्हणाली. इंजिन कोणी का बांधलेलं असेना, किल्ली तिची होती. हे तिला बोलल्यावर स्वतःलाच पटलं.

कस्तुराने चारही स्पार्क प्लग काढायला लावले आणि चार भोकांतून चार सुया आत सोडल्या. प्रत्येक सुईचं टोक खाली पिस्टनवर टेकलेलं. दोन सुया वर, दोन खाली. "आता पान्यानं क्रँक फिरवायचा. जिकडं मोकळं जातंय तिकडंच न्यायचा. अडलं की थांब." पूनम फिरवू लागली. "काय करलालीस गं? हळू," कस्तुरा म्हणाली, आणि ते लातूरकडचं 'करलालीस' ऐकून पूनमला एकदम बसमधली निगडीची पहाट आठवली. हळूहळू वरच्या सुया उतरल्या, खालच्या चढल्या, आणि चारही टोकं एका उंचीला आली.

"थांब. आता चारी पिस्टन मधे हायती. आता कॅम कसेबी फिरव, काई टेकत न्हाई."

पूनमने पान्याने कॅम फिरवले. लोण्यातून फिरल्यासारखे फिरले. खुणा जुळल्या. मग कस्तुराने क्रँक वर आणला, पहिल्या भोकातली सुई पूर्ण वर आली तिथे थांबवला, आणि बाजूला सरकली. आता पूनमसमोर तेच चित्र होतं, जे तिने दिवसाला साडेचारशे वेळा बघितलं होतं. सगळ्या खुणा समोरासमोर.

"घे," कस्तुरा म्हणाली. "मागून आलं तसं लाव."

पूनमच्या डोळ्यांत पाणी आलं. हात तेलकट, पुसायचं कशाने? तिने खांद्यालाच डोळे पुसले आणि नवी चेन उचलली. रंगीत कडी वरच्या खुणेवर, दुसरी कडी खालच्या खुणेवर, बाजूच्या पट्ट्या, ताण देणारा खटका, बोल्ट. ह्या वेळी हात उजवीकडे गेला आणि बरोबर गेला. जागा अडचणीची, कोपर चाकाच्या कमानीला घासत होतं, तरी ती एकदाही अडखळली नाही.

"चार मिनिटं," कस्तुरा घड्याळ बघून म्हणाली. "लाइनवर एवढ्यात चार इंजनं पुढं गेली असती. सुपरवायझरनं जीव खाल्ला असता."

त्या एका शब्दाने पूनमला तो वहीचा दिवस आठवला. मग ती बोललीच. "कस्तुरा, मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं."

"का? खरंच बोललीस तू. माझीच चूक होती. मला ताप होता त्या दिवशी, सुट्टी देत नव्हते. एक दात चुकला माझ्याकडनं."

पूनम बघतच राहिली. चौदा वर्षं तिने ते ओझं वाहिलं होतं. "मग एवढी वर्षं तू..."

"खरं बोललीस त्याचा राग नव्हता मला," कस्तुरा म्हणाली. ती सुया एकेक करून पुसत होती. "त्या दिवशी परतीच्या बसमधे तू म्होरं जाऊन बसलीस. दुसऱ्या दिवशी सकाळीबी शेजारी पिशवी ठेवली न्हाईस. मी निगडीला चढले तर तिथं दुसरीच पोरगी. महिनाभर तसंच. नोकरी तर कुणाचीबी जायची होती गं."

पूनम भीत होती, एवढंच खरं. चुकीच्या माणसाशेजारी बसलो तर आपलंही नाव वहीत जाईल म्हणून भीत होती. "भ्याले मी," ती म्हणाली. कस्तुराने मान हलवली आणि पुसलेल्या सुया बाजूला ठेवल्या.

दोघींनी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला. कुठे अडलं नाही, खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. प्लग लावून फिरवलं, चारही पिस्टनच्या हवेचा दाब हाताला सारखा लागला. वॉल्व्ह वाचले होते.

आणि मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं. झाकण कसं लावायचं, त्याला चिकटवायचा लेप किती जाड लावायचा, ते तर पुढच्या स्टेशनचं काम. "मला नाही येत," पूनम म्हणाली. "मलाबी न्हाई," कस्तुरा म्हणाली. दोघी पायरीवर बसून व्हिडिओ बघायला लागल्या, आणि ह्या वेळी एक सेकंदही पुढे ढकलला नाही.

रविवारी दुपारी कस्तुरा परत आली, स्वतःहून, दुकान बंद ठेवून. येताना कारळाची चटणी घेऊन आली. आदल्या संध्याकाळी बसवलेल्या झाकणाचा लेप रात्रभर वाळला होता. पुली चढली, पट्टा चढला, चाक लागलं, नवं तेल ओतलं. चारच्या सुमाराला रणजीत गुजरातहून परतला. पार्किंगमध्ये बायको तेलाने माखलेली, शेजारी एक अनोळखी बाई, वडील ड्रायव्हरच्या जागी. तो बॅग घेऊन जिन्याच्या पायरीवर बसला. शहाणा माणूस.

"आबा, लावा किल्ली," पूनम म्हणाली.

आबाजींनी किल्ली फिरवली. स्टार्टर घुर्र घुर्र करत राहिला. काही नाही. आबाजींनी सोडली, पुन्हा फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, मागून निळा धूर आला, आणि लागलं.

सगळ्यांनी खडखडीची वाट बघितली. खडखड आली नाही. इंजिन आधी जरा घाईत चाललं, मग आपोआप खाली येऊन एकसारखं चालू लागलं. जिन्यातल्या भाडेकरूंनी टाळ्या वाजवल्या. रणजीत उठला, त्याने खिशातून फोन काढला आणि क्रेनवाल्याला सांगितलं, उद्या येऊ नका, गाडी द्यायची नाही.

पूनम हसत कस्तुराकडे वळली. कस्तुरा हसत नव्हती. तिने बॉनेटखाली हात घालून तो इंजिनाच्या झाकणावर ठेवला होता, आणि मान एका बाजूला करून ऐकत होती.

"पूने," ती म्हणाली, "हे असं वाजतं व्हय?"

पूनमला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांच्या स्टेशनवरून इंजिन पुढे जायचं तेव्हा ते थंड असायचं, मुकं असायचं. ते पहिल्यांदा सुरू करायचे ते पलीकडच्या शेडमध्ये, बंद खोलीत, आणि त्या दाराला पोरींचं ओळखपत्र चालायचं नाही. दोघींनी मिळून तीन-चार लाख इंजिनं बांधली होती. त्यातलं एकही चालू झालेलं दोघींपैकी कोणी ऐकलं नव्हतं.

पूनमने आपला हात कस्तुराच्या हाताशेजारी झाकणावर ठेवला. खालून बारीक थरथर येत होती.

आबाजींनी खिडकीतून मान बाहेर काढली. "झालं न्हवं? करू का बंद?"

"नका," दोघी एकदमच म्हणाल्या. "राहू द्या जरा."